चैत्र आला, पालवी आली नाही

चैत्र लागला की रस्त्याकडेचे करंज आठवडाभरात पोपटी होऊन जातात. त्याच रांगेत दोन-तीन वर्षांपूर्वी लावलेले एखादे कोवळे झाड मात्र अडखळते. खालच्या फांद्यांवर थोडी पाने, मध्ये तुरळक झुपके आणि शेंड्याला नुसत्या काटक्या. सोसायटीच्या बैठकीत मग तीन मते पडतात. पाणी कमी पडले, असे एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, खत घाला. तिसऱ्याचा निकाल लागलेला असतो : मेले ते, उपटून टाका. तिघांपैकी कोणीच खाली वाकून बुंधा पाहिलेला नसतो आणि बहुतेक वेळा उत्तर तिथेच असते.

अर्थात, आधी झाड कोणते हे पाहायला हवे. पळस, पांगारा, काटेसावर फुलतात तेव्हा अंगावर जवळपास पान नसते. बहावा तर ऐन मे महिन्यातही उघडाबोडका दिसू शकतो. उशीर हा त्यांचा स्वभाव आहे, आजार नव्हे. म्हणून तुलना करायची ती शेजारच्या त्याच जातीच्या झाडाशी. कडुनिंब किंवा करंज एप्रिल सरत आला तरी अर्धाच पालवला असेल, तर मात्र काहीतरी बिघडले आहे.

पुढची तपासणी नखाने होते. शेंड्याकडच्या काटकीची साल हलकेच खरवडावी. आत ओलसर हिरवा थर दिसला तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडे लागले तर तेवढा भाग गेला. मग खाली सरकत हिरवे कुठे सुरू होते ते शोधावे. एकाच बाजूच्या फांद्या वाळल्या असतील तर त्या बाजूला केबलसाठी चर खणला होता का, बुंध्याला तिथे मार बसला आहे का, हे पाहावे. सगळीकडचे शेंडेच वाळले असतील तर संशय मुळांवर जातो.

याचे कारण पालवीच्या हिशेबात आहे. कळ्या उमलायला लागणारे अन्न झाडाने खोडात आणि मुळांत आधीच साठवलेले असते. त्यामुळे मुळे बिघडलेले झाडही पहिली पाने काढते आणि बघणाऱ्याला हायसे वाटते. खरी परीक्षा त्यानंतर असते. उन्हात पानांतून पाणी उडू लागले की तेवढेच पाणी मुळांनी खालून पुरवावे लागते. ते जमले नाही तर पाने लहानच राहतात, माना टाकतात आणि सर्वांत लांबचा शेंडा आधी वाळतो.

म्हणून खुरपे घेऊन बुंध्याशी बसावे. निरोगी झाडाचे खोड जमिनीत शिरताना थोडे पसरट होते, तिथून मुळे फुटलेली दिसतात. खोड विजेच्या खांबासारखे सरळ मातीत गेले असेल, तर झाड खोल पुरले गेले आहे किंवा नंतर त्यावर भर टाकली गेली आहे. मुळांनाही हवा लागते; वर वीतभर जादा माती आणि त्यावर फरशी आली की ती गुदमरतात. अलगद माती बाजूला केली की कधी रोपवाटिकेची काळी पिशवीच हाताला लागते. नुसती चिरून तशीच पुरलेली. वृक्षारोपणाच्या छायाचित्रात ही पिशवी कधी दिसत नाही. तिच्यात मुळे रिळावरच्या दोऱ्यासारखी गोल फिरत राहतात. पिशवी काढली तरी वेढे तसेच ठेवले, तर पुढे खोड आणि मूळ दोन्ही जाड होताना एकमेकांना आवळतात. लावून चार-पाच वर्षे झालेले झाड अचानक खंगते, त्यामागे हे असू शकते.

पाण्याचे निदान सर्वांत फसवे. तहानलेली मुळे आणि बुडालेली मुळे, दोन्हींची पाने सारखीच मलूल दिसतात. त्यामुळे वीतभर खोल माती हाताने चाचपल्याशिवाय नळी सोडू नये. नव्या झाडाच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. बाजूची काळी माती ओली असते, पण रोपवाटिकेतून आलेला लाल मातीचा गोळा आतून कोरडा राहतो आणि पहिल्या वर्षी बरीचशी मुळे त्या गोळ्यातच असतात. पाणी तिथे मुरायला हवे.

आजारी झाडाला युरिया देण्याचा मोह टाळलेला बरा. खताच्या क्षारांमुळे दुबळ्या मुळांना पाणी ओढणे आणखी जड जाते. वाळलेला शेंडा हिरवा थर लागेपर्यंतच छाटावा. वरची जादा माती काढावी, लोखंडी जाळी किंवा तार खोडात रुतली असेल तर सोडवावी. आळ्यात पालापाचोळा पसरावा, मात्र खोडाला टेकवू नये.

पाऊस सुरू होऊन काही आठवडे झाले, तरी बुंध्यापाशीसुद्धा नखाखाली हिरवे दिसले नाही, तर झाड गेले असे समजावे. राज्याच्या १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार शहरात ते काढायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. त्याच जागी दुसरे लावण्याआधी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून ठेवावे. दुसऱ्या दिवशीही ते तसेच दिसले, तर खाली कातळ किंवा घट्ट दाबलेला राडारोडा आहे. तो फोडल्याशिवाय तिथे नवे रोप नेऊ नये.