यंत्रमानवाआधी वाचावी लागते आज्ञावली

अमरावती : रोबोटिक्सचा प्रकल्प म्हटला की अमरावती-अकोल्यातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यासमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो पैशांचा. मोटारी, सेन्सर, बॅटऱ्या आणि त्यांच्यासाठी नागपूर-पुण्याकडे धाव. मात्र ज्या मुक्तस्रोत उपक्रमांत जगभरचे मार्गदर्शक नवख्यांना हाताशी धरून शिकवतात आणि वर मानधनही मिळते, तेथील तयारीसाठी एकही यंत्रमानव विकत घ्यावा लागत नाही. बऱ्यापैकी संगणक, इंटरनेट आणि दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली चिकाटीने वाचण्याची सवय एवढे पुरते. यातील शेवटची गोष्टच दुर्मीळ आहे.

या उपक्रमांपैकी सर्वाधिक परिचित म्हणजे २००५ साली सुरू झालेला ‘गुगल समर ऑफ कोड’. मुक्तस्रोत म्हणजे ज्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि वापरता येते असे सॉफ्टवेअर. मानधन गुगल देते, निवड मात्र त्या त्या संस्थेचे मार्गदर्शक करतात. २०२२ पासून तो केवळ विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही. १८ वर्षे पूर्ण केलेल्या, या क्षेत्रात नवख्या असलेल्या व्यक्तीलाही अर्ज करता येतो. काम ९०, १७५ किंवा ३५० तासांचे असते. मानधन देशातील क्रयशक्तीनुसार बदलते, त्यामुळे अमेरिकेतील आकडा पाहून घरी हिशेब मांडू नये.

रोबोटिक्सच्या संस्थांत ‘रोबोट ऑपरेटिंग सिस्टिम’ अर्थात रॉस जवळपास सर्वत्र भेटते. तिची कल्पना अवघड नाही. कॅमेऱ्याची आज्ञावली आपली माहिती एका ठरलेल्या नावाने प्रसारित करते. चाके फिरवणारी आज्ञावली त्या नावाकडे कान लावून बसते. दोघींना एकमेकींची ओळख असण्याची गरज नसते. हे सारे गॅझेबो या आभासी मैदानात, प्रत्यक्ष यंत्राविना चालवून पाहता येते.

येथे एक खड्डा आहे. वरिष्ठांच्या वह्या आणि जुन्या चित्रफिती बहुधा रॉसच्या पहिल्या पिढीच्या असतात. त्या पिढीच्या शेवटच्या ‘नोएटिक’ आवृत्तीची देखभाल मे २०२५ मध्ये संपली. जुने ‘गॅझेबो क्लासिक’ जानेवारी २०२५ मध्येच थांबले. नव्याने शिकणाऱ्याने उबुंटू २४.०४ आणि रॉस-२ची ‘जॅझी’ आवृत्ती घ्यावी. तिची देखभाल मे २०२९ पर्यंत आहे. लिनक्स आणि सी प्लस प्लसचा पाया कच्चा असेल तर मुंबई आयआयटीचे ‘स्पोकन ट्युटोरियल’चे पाठ मराठीतूनही उपलब्ध आहेत.

खरी परीक्षा अर्जापूर्वीच होते. माद्रिदच्या विद्यापीठातून उगम पावलेली ‘जेडेरोबोट’ संस्था उमेदवाराला आधी आज्ञावलीची आव्हाने सोडवायला लावते. इतरत्रही मार्गदर्शक पाहतात ते हेच, की याने आमच्या कामातील एखादी चूक शोधून दुरुस्ती पाठवली आहे काय? दुरुस्ती लहान असली तरी चालते, अगदी माहितीपत्रातील चुकीची आज्ञा बदलणेही. पहिली दुरुस्ती परत आली तर नाउमेद होऊ नये. शेरे मारून ती परत पाठवणे हीच तेथील शिकवणी.

अर्ज लिहिताना आपल्याकडची एक सवय मात्र आड येते. कापूस वेचणारा किंवा संत्री तोडणारा यंत्रमानव बनवण्याचा संकल्प महाविद्यालयाच्या प्रदर्शनात शोभतो. येथे संस्थेने जाहीर केलेल्या विषयांच्या यादीतील तिची गरज भागवायची असते. शेतीच्याच यंत्रांची ओढ असलेल्यांना मुंबई आयआयटीची ‘ई-यंत्र’ स्पर्धा अधिक जवळची वाटेल. २०२१-२२ मध्ये तिचे विषय शेतीवरच बेतलेले होते. अर्ज कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहवून घेण्याचा मोहही टाळावा. असे गुळगुळीत अर्ज मार्गदर्शकांनी भरपूर पाहिले आहेत. आणि या उपक्रमाच्या अर्जाला शुल्क नसते. कोणी ‘निवडीची हमी’ म्हणून पैसे मागत असेल तर ती निव्वळ फसवणूक समजावी.

वेळेचे गणितही जमवावे लागते. सहभागी संस्थांची यादी साधारणतः फेब्रुवारीत येते, अर्ज मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे वाचनाला दिवाळीच्या सुमारास बसणे बरे. काम सुरू होते ते वऱ्हाडात पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, आणि अनेकदा विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा तेव्हाच असतात. परीक्षेचे आठवडे अर्जात स्पष्ट लिहावेत. ते लपवल्यास मध्यावधी मूल्यमापनात अडचण येते. मार्गदर्शक माद्रिदला असेल तर अमरावतीत रात्रीचे आठ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात तेथे दुपारचे साडेचार झालेले असतात, हेही वेळापत्रक आखताना ध्यानात घ्यावे.