पोळीची साखर होताना

पोळीचा कोरडा तुकडा तोंडात घ्या आणि मिनिटभर नुसता चावत राहा. हळूहळू तो गोडसर लागू लागतो. लाळेतलं अमायलेज नावाचं विकर पिष्टाच्या लांबलचक साखळ्या तोडायला तोंडातच सुरुवात करतं. उरलेलं काम लहान आतड्यात होतं आणि ग्लुकोज रक्तात उतरतं. टाइप टू मधुमेहात हे किती वेगाने घडतं, याला विलक्षण महत्त्व आहे.

निरोगी स्वादुपिंड रक्तातलं ग्लुकोज चढायला लागताच साठवणीतलं इन्शुलिन पहिल्या काही मिनिटांतच सोडतं. टाइप टूमध्ये आजाराच्या सुरुवातीलाच ही पहिली लाट ओसरते. इन्शुलिन येतं, पण उशिरा. तोवर मैद्याचा मऊ पाव पचून मोकळा झालेला असतो. तेवढंच पिष्ट सावकाश पचलं, तर उशिरा आलेल्या इन्शुलिनलाही ते सांभाळता येतं. 1981 साली टोरांटोत डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लायसेमिक इंडेक्सची कल्पना मांडली ती यासाठीच. कर्बोदकं सारखीच असली, तरी कोणत्या पदार्थाने साखर किती चढते हे त्यांनी मोजलं, आणि पदार्थापदार्थांत मोठा फरक निघाला.

हा फरक येतो कुठून? पिष्टाच्या कणात दोन प्रकारचे रेणू असतात. अमायलोपेक्टिन झाडासारखं, फांद्यांना फांद्या फुटलेलं. विकरांना त्यात शिरायला जागाच जागा. अमायलोज जवळजवळ सरळ आणि एकमेकांना घट्ट बिलगणारं. नेहमीच्या गव्हाच्या पिष्टात अमायलोज साधारण चौथा हिस्सा. शिजताना कण पाणी पिऊन फुगतात, त्यांची मूळची घडी विस्कटते आणि ते पचायला सोपे होतात. पदार्थ गार झाला की साखळ्या पुन्हा जवळ येतात, त्यांचे स्फटिक बनतात आणि त्यातला काही भाग विकरांना दाद देत नाही. तो न पचता मोठ्या आतड्यात पोचतो आणि तिथल्या जिवाणूंचं अन्न होतो. इंडोनेशियातल्या 2015 च्या एका अभ्यासात फ्रिजमध्ये 24 तास ठेवून पुन्हा गरम केलेल्या भाताने निरोगी 15 जणांची साखर ताज्या भातापेक्षा सुमारे 18 टक्क्यांनी कमी चढली. फरक माफकच, पण तांदूळ तोच होता! (भात मात्र लगेच फ्रिजमध्ये जायला हवा, ओट्यावर रात्रभर राहिलेला भात पोट बिघडवतो.)

ज्वारीची युक्ती वेगळी. तिच्या दाण्यात काफिरिन नावाची प्रथिनं पिष्टकणांना वेढून असतात आणि शिजताना त्यांची वीण आणखी घट्ट होते. पण गिरणीत बारीक दळलं की ही तटबंदी बरीचशी फुटते. म्हणून ‘शुगर आहे ना, मग भाकरी कितीही खा’ हा घरोघरी मिळणारा सल्ला मला धोक्याचा वाटतो.

आता खपलीकडे येऊ. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे आणि उत्तर कर्नाटकात खीर, शेवया, पुरणपोळीसाठी जपलेला हा गहू. लोंबी हातावर कितीही चोळा, टरफल सुटत नाही. मळणीनंतर वेगळं कांडप करावं लागतं. आतला दाणा लांबट, तांबूस, काचेसारखा कडक. दळला की रवाळ पीठ पडतं, आणि जाडसर कणांत विकरांना आत पोचायला वेळ लागतो. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी मधुमेही रुग्णांच्या आहारात नेहमीच्या गव्हाच्या जागी खपली देऊन पाहिली. त्यांचा अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्यात 1946 साली सुरू झालेल्या आघारकर संशोधन संस्थेने खपलीचा ‘एमएसीएस 2971’ हा बुटका वाण दिला. जुनी खपली उंच वाढायची आणि लोळायची. बुटकी ताठ उभी राहते.

या गव्हाचं नाव जगभरातल्या वनस्पतिरोगतज्ज्ञांना कधीचं ठाऊक आहे. 1922 मध्ये अमेरिकेत स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठी 12 गव्हांचा संच ठरवला. त्यातल्या एकाचं नाव ‘खपली’!

बाजारात मात्र खपली ‘शुगरवरचा उपाय’ म्हणून विकली जाते, याचं मला वाईट वाटतं. तिच्यातही भरपूर पिष्ट आहे आणि ग्लुटेनही आहे. दोनच्या जागी चार पोळ्या खाल्ल्या तर वेगाचा फायदा प्रमाणात बुडतो. पीठ बदलून पाहायचं असेल, तर जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर आकडा बघावा, तोही एकाच दिवसाचा नको. गोळ्यांचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये.

मला सर्वांत थक्क करतं ते याहून खोल, गुणसूत्रांत आहे. अमायलोपेक्टिनला फांद्या फोडणारं विकरच बंद पाडलं तर अमायलोजचं प्रमाण वाढतं. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी असा गहू तयार केला आहे. त्याच्या पिष्टात अमायलोज 85 टक्क्यांच्या आसपास जातं. नेहमीच्या गव्हात 42 गुणसूत्रं, तीन पूर्वजांकडून आलेली. त्यामुळे एकेका जनुकाच्या तीन-तीन प्रती निकामी कराव्या लागतात. खपलीत गुणसूत्रं 28, पूर्वज दोनच. तिथे दोन प्रतींवर काम भागतं.