ओळी, गठ्ठा आणि अभाव

मागच्या वेळी आपण पोस्टग्रेसमध्ये पायथन भाषेत स्वतःचं फंक्शन कसं लिहायचं ते पाहिलं. त्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, क्वेरीतून पन्नास ओळी आल्या तर त्या सगळ्या एकदम फंक्शनला द्यायच्या कशा?

क्वेरीत फंक्शनला स्तंभाचं नाव दिलं, की ते ओळीगणिक बोलावलं जातं. पन्नास ओळी, पन्नास हाका. प्रत्येक हाकेला त्याच्या हाती एकच गुण येतो. वर्गाचा मध्यक काढायचा तर हे उपयोगाचं नाही, कारण मध्यक हा समूहाचा धर्म आहे, व्यक्तीचा नव्हे. बरं, कंसात उपक्वेरी घालून दिली, तर? तिच्यातून एकापेक्षा जास्त ओळी आल्या की पोस्टग्रेस चूक दाखवतं. तिथे एकाच मूल्याची जागा असते.

म्हणून ओळींचा गठ्ठा बांधायचा. उपक्वेरीच्या कंसाआधी 'अ‍ॅरे' हा शब्द लिहिला, की सगळ्या मूल्यांचं मिळून एकच मूल्य होतं. फंक्शन लिहितानाच 'मला पूर्णांकांचा अ‍ॅरे मिळेल' असं सांगून ठेवायचं. मग पायथनच्या हाती ती लिस्ट म्हणून येते.

आता खरी गोम पाहू. समजा, गुण आहेत 35, 40, 62, 71. पाचवा विद्यार्थी आजारी, म्हणून त्याच्या रकान्यात नल. हा नलही गठ्ठ्यात येतो आणि पायथनमध्ये त्याचा 'नन' होतो. लिस्ट क्रमाने लावताना आकडा आणि नन यांची तुलना होत नाही, काम अडतं. घाईतला माणूस ननच्या जागी शून्य लिहून मोकळा होतो. प्रोग्रॅम चालतो हो, पण मध्यक 51 वरून 40 वर येतो! कुठेही चूक दिसत नाही, आणि आजारी मुलाला आपण 'काहीच न येणारा' ठरवलेलं असतं.

आपल्या वैशेषिक परंपरेत अभावाला सातवा पदार्थ मानलं गेलं, ते उगाच नाही. शून्य गुण म्हणजे मुलगा परीक्षेला बसला आणि त्याला काही मिळालं नाही. नल म्हणजे गुणांचाच अभाव. या दोन गोष्टी एक नव्हेत. तेव्हा उपक्वेरीतच 'इज नॉट नल' ही अट घालावी. सगळेच गैरहजर असतील तर लिस्ट रिकामी येईल; ते आधी तपासून फंक्शनने नन परत द्यावा. पोस्टग्रेस त्याचा पुन्हा नल करतं.

जे आपल्याला माहीत नाही, ते उत्तरातही माहीत नाही असंच दिसलं पाहिजे. एवढं पाळलं तरी पुष्कळ झालं.