केसाएवढी कल्हई

पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली म्हणून आपल्या आया-आज्यांनी कधी पातेले फेकून दिले नाही. कल्हईवाल्याची आरोळी कानी पडेपर्यंत ते फळीवर उपडे घातलेले असे. हाच शहाणपणा टू-स्ट्रोक फटफटीच्या सिलिंडरला लावायची वेळ आली, की मात्र भलेभले मिस्त्री गडबडतात.

धरमतरचाच परिसर घ्या. एके काळी मुंबईहून बोटीने निघालेली मंडळी येथल्या धक्क्यावर उतरून पुढे कोकणात जात. आता येथे लोहखनिज आणि कोळसा उतरतो, आणि शेजारच्या डोलवीला पोलादाचा कारखाना उभा आहे. खाडीच्या आसपासच्या मुरमाच्या वाटा म्हणजे मातीत फटफटी उडवणाऱ्या तरुणांना मोठा मोह. (खारभूमीच्या बांधावर मात्र चाक घालू नये, बरे का! बांध खचला तर भरतीचे पाणी कुणाच्या तरी भातशेतीत शिरते.) पावसाळा सरला की याच वाटांवर धुरळा उठतो, आणि तो धुरळा हाच आपल्या गोष्टीतला खलपुरुष.

आपल्याकडच्या मिस्त्रींचा हात बसला तो यामाहा आरएक्स १०० सारख्या गाड्यांवर. १९८५ ते १९९६ या काळात निघालेल्या या गाडीच्या सिलिंडरात बिडाची स्लीव्ह असते. झिजली की बोअर मारावा, ०.२५ मिलिमीटर मोठा पिस्टन घालावा, की गाडी पुन्हा तरुण! परंतु परदेशातून येणाऱ्या मातीतल्या गाड्या, उदाहरणार्थ ५४ मिलिमीटर बोअरची यामाहा वायझेड १२५, यांत स्लीव्हच नसते. नुसते ॲल्युमिनियम, आणि त्याच्या आतल्या अंगाला निकेलचा मुलामा. त्या निकेलात सिलिकॉन कार्बाइडचे, म्हणजे धार लावायच्या दगडात असतात तसले, अतिसूक्ष्म कण पेरलेले. जर्मनीच्या माले कंपनीने १९६७ च्या सुमारास वांकेल इंजिनासाठी ही युक्ती काढली आणि ‘निकासिल’ या नावाने ती जगभर गेली. मुलाम्याची जाडी साधारण ०.०७ मिलिमीटर, म्हणजे डोक्याच्या केसाएवढी. येथे जुन्या सवयीने बोअर मारला, तर पहिल्याच फेरीत कल्हई संपून हत्यार मऊ ॲल्युमिनियमला भिडते. त्यावर रिंगा चालवणे म्हणजे लोण्यावर करवत चालवणे.

तेव्हा आधी निदान. गाडी जाम झाली आणि सिलिंडर उघडला, की आत पांढुरके ओरखडे दिसतात आणि पोरगा कपाळाला हात लावतो. नवा सिलिंडर म्हणजे खिसा रिकामा! पण थांबा. पुष्कळदा ते ओरखडे मुलाम्याचे नसतातच. पिस्टनचे ॲल्युमिनियम वितळून भिंतीला फासलेले असते. परीक्षा सोपी आहे. हातमोजे घालून, मोकळ्या हवेत, न्हाणीघर धुण्याचे हायड्रोक्लोरिक ॲसिड कापसाच्या बोळ्याने फक्त त्या डागावर लावावे. बुडबुडे येतात, फासलेली धातू विरघळते, आणि खाली करडा, एकसारखा मुलामा दिसला व बुडबुडे थांबले, तर सिलिंडर जिवंत आहे. बुडबुडे थांबतच नसतील तर मुलामा फुटला आणि ॲसिड सिलिंडरच खाऊ लागले असे समजून तत्काळ भरपूर पाण्याने धुवावे. पोर्टच्या तोंडाला तर ते लागूच देऊ नये. जुन्या, क्रोमचा मुलामा असलेल्या सिलिंडरला हा उपाय वर्ज्य. हे ॲसिड क्रोमच खाते.

डोळ्यांनी झाले, आता माप. बोअर गेज नसेल तर रिंग सिलिंडरात सोडावी, पिस्टनने ढकलून सरळ बसवावी आणि तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने मोजावी. वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी. व्यास ०.०५ मिलिमीटरने वाढला की ही फट सुमारे ०.१६ ने वाढते. वर्तुळाच्या गणिताचा असा रोकडा उपयोग शाळेत कुणी सांगितला असता, तर आमच्या पिढीचे गुण वाढले असते! मात्र रिंग नवी हवी; जुनी स्वतःच झिजलेली असते.

मुलामा शाबूत आणि माप कंपनीच्या पुस्तकातल्या मर्यादेत असेल, तर खरखरीत स्क्रबरने हलकेच तिरपे घासून, साबणाने धुऊन, नवा पिस्टन बसवावा. मुलामा गेलाच असेल तर दोन वाटा. एक म्हणजे पुन्हा मुलामा. जुना उतरवायचा, खड्डे ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगने भरायचे, बोअर सरळ करायचा, जस्ताचा पातळ हात देऊन निकेलच्या द्रावणात वीज सोडायची आणि शेवटी हिऱ्याच्या दगडांनी होनिंग करून मूळ मापावर आणायचे. बंपर चमकवणाऱ्या दुकानाचे हे काम नव्हे. सिलिंडरबरोबर पिस्टनही पाठवावा, म्हणजे दोघांमधले अंतर त्याच्या मापाने ठेवता येते.

दुसरी वाट बिडाच्या स्लीव्हची. शर्यतवाले तिला नाके मुरडतात, आणि त्यांचे खोटे नाही. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून स्लीव्ह घट्ट बसली नाही तर गरम झाल्यावर सैल पडते; उष्णताही बाहेर पडायला अडते. पण रविवारी मुरमाच्या वाटेवर दोन तास फिरणाऱ्याला, माझ्या मते, स्लीव्हच बरी. चांगल्या लेथवाल्याने पोर्ट नीट जुळवून, त्यांच्या कडा गोल करून दिल्या तर काम टिकते, आणि पुढच्या वेळी बोअर मारायची सोय होते. कडा धारदार राहिल्या तर मात्र रिंग त्यांत अडकून तुटते.

आता त्या खलपुरुषाचा बंदोबस्त. टू-स्ट्रोकमध्ये हवा आधी क्रँकच्या पेटीतून जाते, म्हणजे जाळीतून निसटलेली धूळ सिलिंडरच्या आधी बेअरिंगांना चाटते. म्हणून पेटी उघडून बेअरिंगे तपासल्याशिवाय दुरुस्त केलेला सिलिंडर चढवू नये. फोमची जाळी प्रत्येक फेरीनंतर धुवावी, पुरती वाळवावी, तेल चोळून पिळावी आणि काठाला ग्रीस लावून बसवावी. पुढच्या रविवारी जाळी काढली, की आतल्या नळीत पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेले बोट फिरवावे. फडके लाल झाले, तर त्या दिवशी गाडीला किक मारू नये.