नजर जिकडे, चाक तिकडे

संसारात काही प्रश्न असे असतात की, त्यांचे उत्तर जागच्या जागी देता येत नाही. असाच एक प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनी २००६ सालच्या श्रावणात मला विचारला. स्थळ, इस्पितळातला बाक. डावे मनगट उजव्या हातात धरून ती म्हणाली, "अहो, एवढा मोठा रस्ता मोकळा होता. मग तुम्ही नेमके त्या खड्ड्यातच कसे गेलात?"

झाले होते ते असे. पुण्यात सिंहगड रस्त्याने आम्ही उभयता मोटारसायकलवरून एका बारशाला निघालो होतो. पाऊस नुकताच उघडला होता. हिच्या मांडीवर बाळंतविड्याची पिशवी होती, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास होता. पंधरा-वीस पावलांवर पाण्याने भरलेला खड्डा मला स्वच्छ दिसला. दिसला नाही असे म्हणायची सोयच नाही! डावीकडे वाट होती, उजवीकडेही होती. मी मात्र डोळे वटारून त्या खड्ड्याकडेच पाहत राहिलो, दोन्ही ब्रेक करकचून दाबले आणि सरळ त्यात जाऊन पडलो. मला खरचटले, हिचे मनगट मोडले. माझ्या डोक्यावर हेल्मेट होते, हिच्या नव्हते. मनगटावर भागले हे नशीब, दुसरे काय?

पुढचे सहा आठवडे पोळ्या मी लाटल्या. त्यांचे आकार पाहून आमच्या चार वर्षांच्या कन्येला नकाशे ओळखण्याचा छंद जडला. पण सौभाग्यवतींच्या प्रश्नाचे उत्तर काही मला सापडेना.

ते सापडले आमच्या गॅरेजवाल्या मामांकडे. वाकलेली रिम सरळ करता करता त्यांनी विचारले, "साहेब, खड्डा बघितला होता का?"

"बघितला होता म्हणजे काय! त्याच्याकडेच बघत होतो."

"मग तिथंच चुकलं. खड्डा एकदा बघायचा आणि सोडून द्यायचा. मग बघायची ती आपली जायची वाट. नजर जिकडे, चाक तिकडे."

वाचकहो, ही नुसती म्हण नव्हे. भ्यालेल्या माणसाची नजर भीतीच्या जागी खिळते. नजरेमागे मान, मानेमागे खांदे आणि खांद्यांमागे हॅण्डल जाते. मोटारसायकल बिचारी हुकमाची ताबेदार. आपण जिकडे पाहू तिकडे ती जाणार!

त्या दिवशी मामांनी माझी जी शिकवणी घेतली, तिचे सार सांगतो. ताशी ४० च्या वेगाने गाडी एका सेकंदाला सुमारे ११ मीटर जाते. म्हणून पुढच्या गाडीपासून निदान दोन सेकंदांचे अंतर हवे, आणि पावसात त्याच्या दुप्पट. टेम्पोच्या मागे चिकटून चालणाऱ्याला खड्डा दिसतो तो टेम्पो त्यावरून गेल्यावरच. अंतर असले तर पुढची गाडी कुठे दचकली, कुठे वळली, हे आपल्याला आधीच कळते. फुकटचा वाटाड्याच म्हणा ना!

वाट चुकवायची तीही हळूहळू, आरशात पाहून. खड्डा चुकवायला एकदम हॅण्डल मारले आणि मागून बस आली, तर खड्डा परवडला म्हणायची पाळी येते.

आणि खड्डा चुकतच नसेल तर? त्यातून जायचे, पण रीतीने. वेग खड्ड्याच्या अलीकडे कमी करायचा आणि कडेवर चाक पोहोचण्यापूर्वी ब्रेक सोडून द्यायचा. मी नेमके याच्या उलट केले होते. पुढचा ब्रेक दाबला की गाडीचे नाक खाली बसते आणि शॉकअप आधीच दबतात. मग दणका सोसायला त्यांच्यात जागाच उरत नाही; तो सगळा जातो रिमला आणि मनगटांना. म्हणून ब्रेक मोकळा, हात मोकळे, गुडघे टाकीला टेकलेले आणि भार पायांवर देऊन बूड सीटवरून किंचित उचललेले. गाडी सरळ ठेवायची. खड्ड्यात वळायचे नाही. मागे बसलेल्या माणसाला आधी सांगायचे, "घट्ट धर, खड्डा आहे." ही सूचना मी २००६ साली दिली असती, तर पोळ्यांचा तो प्रसंग टळला असता.

साचलेल्या पाण्याचा भरवसा कधीच धरू नये. पाण्याखाली बोटभर खळगा आहे की उघडे गटार, हे वरून कळत नाही. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल वर येते. ओले पांढरे पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणे साबणासारखी निसरडी होतात. तिथे ना ब्रेक, ना वळण. काँक्रीट आणि डांबर यांच्या सांध्यावर उंचवटा असेल तर त्याला समांतर चालू नये, चाक कडेला घसरते. शक्य तितके आडवे ओलांडावे. खडीवर दोन्ही ब्रेक हलक्या हाताने लावावेत. आणि टायरमधली हवा आठवड्याला एकदा, टायर थंड असताना पाहावी.

आता कोणी म्हणेल, आम्ही शिकायचे आणि रस्ते तसेच राहू द्यायचे? मुळीच नाही. डांबराला तडा जातो, त्यातून पाणी खाली मुरते, पोट मऊ होते आणि जाणारे प्रत्येक चाक ते पोकळ करते. म्हणजे तडा वेळेवर बुजवला आणि पाण्याला वाट दिली, तर रस्ता टिकतो. पुण्याचाच जंगली महाराज रस्ता पाहा. १९७०च्या दशकात तो बांधताना कंत्राटदाराने दहा वर्षांची हमी दिली होती. हमी संपून दशके उलटली तरी त्याचे नाव खड्ड्यांसाठी नव्हे, मजबुतीसाठीच घेतले जात राहिले. २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. पण गेलेला जीव कोणत्या रकमेने परत येतो?

मुंबईच्या दादाराव बिल्होरे यांना विचारा. जुलै २०१५ मध्ये त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा प्रकाश जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर दुचाकीवर मागे बसून चालला होता. पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गाडी आदळली आणि मुलगा गेला. त्यानंतर हा बाप रस्त्यावरचे खड्डे स्वतःच्या हातांनी बुजवू लागला. ती बातमी वाचली त्या रात्री मी सौभाग्यवतींसाठी हेल्मेट आणायचे ठरवले. नऊ वर्षे उशीर झाला होता.

यंदा आमची नकाशेवाली कन्या नोकरीला लागली आणि तिने मोटारसायकलची किल्ली मागितली. नाही म्हणावेसे फार वाटले. मग विचार केला, भीती दाखवून तिला काय मिळणार? भ्यालेली नजर कुठे जाते, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक आहे? मी मामांची सारी शिकवणी तिला दिली. महिनाभर रोज पहाटे, मोकळ्या रस्त्यावर.

परवा तीच म्हणाली, "आई, चल, मंडईतून झेंडू आणू." हिने माझ्याकडे पाहिले, निमूटपणे हेल्मेट चढवले आणि त्या दोघी गेल्या. त्या पाऊण तासात मी दाराशी किती फेऱ्या घातल्या, ते विचारू नका.

दोघी आल्या. झेंडूची पाटी उतरवून घेत मी हळूच विचारले, "खड्डे लागले का ग?"

"लागले की! तीन तर मोठे होते," हेल्मेट काढत सौभाग्यवती म्हणाल्या. "पण तुमच्यासारखी टक लावून नाही बसली ती. रस्ता बघत होती."

एकोणीस वर्षांनी का होईना, त्या प्रश्नाचा निकाल लागला.