रंकाळ्याचा उजेड आणि नाटकाचा पडदा

कोल्हापूरला ‘कलापूर’ म्हणण्याचा प्रघात जुना आहे. परंतु या शहरात घडलेल्या चित्रकारांच्या कामामागची प्रेरणा कोणती, असा प्रश्न निघाला की त्याचे उत्तर बहुधा ‘राजाश्रय’ या एका शब्दात देऊन विषय मिटवला जातो. राजाश्रयाचा वाटा नाकारता येत नाही. १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी अल्लादिया खाँ यांच्यासारख्या गवयाला दरबारी मान दिला, कुस्तीला आणि नाटकाला बळ दिले, आणि आबालाल रहिमान यांच्यासारखा चित्रकार पदरी ठेवला. मात्र आश्रयाने चित्रकाराच्या पोटाची सोय होते. त्याने काय पाहावे आणि कसे पाहावे हे आश्रयदाता ठरवू शकत नाही. कोल्हापूरच्या चित्रकारांना पाहायला शिकवले ते दोन अगदी वेगळ्या गोष्टींनी, एक गावातल्या तळ्यांच्या पाण्यावर पडणाऱ्या उजेडाने आणि दुसरी संगीत नाटकाच्या रंगवलेल्या पडद्याने.

यांपैकी पहिल्या गोष्टीचा वारसा आबालाल रहिमान यांच्याकडे जातो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापुरात जन्मलेल्या आबालालांच्या घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याची परंपरा असल्याचे सांगितले जाते, आणि त्यांच्या कामातला रेषेचा संयम पाहता ते पटण्यासारखे आहे. पुढे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी शिक्षण घेतले. १८८० च्या दशकातील ते जे. जे. म्हणजे जॉन ग्रिफिथ्स यांच्या काळातले, पाश्चात्त्य वास्तववादी पद्धतीने, म्हणजे वस्तू डोळ्यांना जशी दिसते तशी छायाप्रकाशासह कागदावर उतरवण्याच्या पद्धतीने, शिकवणारे विद्यालय होते. या शिस्तीत आबालाल इतके तयार झाले की मुंबईत राहून व्यक्तिचित्रांच्या कामावर त्यांना सुखाने जगता आले असते. ते कोल्हापूरला परतले, आणि दरबारासाठी शिकारीची, प्राण्यांची, माणसांची चित्रे काढता काढता त्यांचे मन ज्या विषयात रमले तो विषय म्हणजे रंकाळा व कोटितीर्थ ही तळी आणि पंचगंगेचा परिसर.

या निसर्गचित्रांचे वेगळेपण समजण्यासाठी जलरंगाचे एक तंत्र लक्षात घ्यावे लागते. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग सहसा वापरत नाहीत. कागदाचा मूळ पांढरेपणाच उजेडाचे काम करतो, म्हणून उजेड कोठे राखायचा हे चित्रकाराला ब्रश टेकवण्यापूर्वीच ठरवावे लागते आणि चुकलेला हात पुन्हा सावरता येत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावरील उजेड तर क्षणाक्षणाला हलतो. तो पकडण्यासाठी आबालालांनी रंगाचे सपाट थर टाळून लहान लहान ठिपक्यांनी आणि फटकाऱ्यांनी चित्र उभे करण्याची रीत अंगीकारली, जी पाहताना फ्रान्समधील दृक्प्रत्ययवाद्यांची, म्हणजे वस्तूपेक्षा तिच्यावरील प्रकाशाचा क्षणिक प्रत्यय रंगवणाऱ्या चित्रकारांची, आठवण अनेक समीक्षकांना होते. हे साम्य खरे असले तरी त्याचे मूळ परदेशात शोधण्याची फारशी गरज भासत नाही. रंकाळ्यातील संध्यामठाच्या दगडी मंडपामागे मावळतीचे ऊन पाण्यावर पसरते तेव्हा ते डोळ्यांना अखंड पट्ट्यासारखे न दिसता तुटक चकाकीसारखेच दिसते, आणि जो चित्रकार रोज त्या काठावर बसतो त्याला ठिपका हे त्या दृश्याचे सरळ भाषांतर वाटले तर नवल नाही.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले. त्या दुःखात आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असे कोल्हापुरात सांगितले जाते. त्यानंतर जवळजवळ विरक्तासारखे जगून १९३१ मध्ये ते निवर्तले. एका माणसाने आयुष्यभर जमवलेला उजेडाचा एवढा साठा असा नाहीसा व्हावा ही मराठी चित्रकलेची भरून न येणारी हानी आहे, आणि शहरातल्या टाउन हॉल संग्रहालयातील त्यांच्या मोजक्या चित्रांसमोर उभे राहिले की तिचे माप थोडेसे कळते.

दुसरी प्रेरणा कारागिरांच्या आळीतून आली. आनंदराव आणि बाबूराव हे चुलतभाऊ मेस्त्री घराण्यातले. लाकूड, धातू आणि दगड यांवर हात चालवणाऱ्या या घरात चित्रकला ही स्वतंत्र, उच्चभ्रू विद्या नव्हती, तर हाताला येणाऱ्या अनेक कसबांपैकी एक होती. बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० चा; कलाशाळेचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नाही. मेस्त्री हे आडनाव मागे पडून ‘पेंटर’ हा धंद्याचा इंग्रजी शब्दच दोघांच्या नावापुढे कायमचा लागला, यावरून त्या काळच्या लोकांनी त्यांना कशासाठी ओळखले ते दिसते, आणि ती ओळख मुख्यतः नाटकाच्या पडद्यांची होती.

संगीत नाटकाच्या भरभराटीच्या त्या दिवसांत कंपनीची प्रतिष्ठा नटांच्या गळ्याइतकीच तिच्या पडद्यांवर तोललेली असे. राजमहाल, रस्ता, अरण्य, उपवन असे ठरावीक देखावे मोठ्या कापडावर रंगवून रंगमंचावर मागे सोडले जात, आणि सपाट कापडावर खोलीचा भास निर्माण करणे ही पडदा रंगवणाऱ्याची खरी परीक्षा असे. यासाठी यथादर्शन, म्हणजे दूर जाणाऱ्या समांतर रेषा एका बिंदूकडे झुकत जातात असे दाखवण्याचे शास्त्र, अवगत असावे लागे. शिवाय हे चित्र हातभर अंतरावरून नव्हे तर नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतून, दिव्यांच्या कृत्रिम उजेडात पाहिले जाणार आहे, याचे भान ठेवून रंग निवडावे लागत. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यालाही दुर्मीळ अशी ही शिकवण होती, कारण चित्र, प्रकाश, अंतर आणि समोर वावरणारा नट या चारही गोष्टींचा हिशेब तिच्यात एकदम करावा लागे. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्शसह अनेक मंडळ्यांसाठी या भावांनी पडदे रंगवले, आणि १९१० नंतरच्या काही वर्षांत पश्चिम भारतातील आघाडीचे पडदे रंगवणारे म्हणून त्यांचे नाव झाले.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आल्यानंतर या भावांना हलत्या चित्राचे जे वेड लागले, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर नीट लागतो. पडद्यावर सर्व काही साधले होते. हालचाल तेवढी साधत नव्हती. विलायती कॅमेरा परवडणारा नव्हता, म्हणून तो स्वतः बनवण्याचा घाट त्यांनी घातला. १९१६ मध्ये आनंदरावांचे अकाली निधन झाले. बाबूरावांनी काम सोडले नाही, आणि सहकाऱ्यांच्या मदतीने कॅमेरा घरीच तयार केला. मेस्त्री घराण्याचे यंत्रज्ञान आणि पेंटरांची नजर या एका वस्तूत एकत्र आली होती. गायिका तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक पाठबळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ प्रदर्शित झाला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले की सरकारी आक्षेपामुळे ते कापावे लागले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

या प्रवासातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, ज्या माणसाने पडद्यांवर नाव कमावले त्यानेच चित्रपटातून रंगवलेला पडदा हद्दपार केला. त्या वेळचे मूकपट बहुधा नाटकाप्रमाणेच रंगीत पडद्यासमोर घेतले जात. बाबूरावांनी त्याऐवजी ज्यांत माणूस खरोखर वावरू शकेल असे घन, बांधीव देखावे, म्हणजे आजच्या भाषेत सेट, उभे केले, आणि ‘सिंहगड’ (१९२३) मध्ये रात्रीच्या प्रसंगासाठी कृत्रिम प्रकाश वापरला. कापडावरची खोली हा केवळ भास आहे, तो कोणत्या कोनातून आणि कोणत्या उजेडात उघडा पडतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? प्रसंगांची आणि वेशभूषेची रेखाटने ते आधी कागदावर करीत; चित्रपटांची भित्तिपत्रकेही स्वतः रंगवीत, आणि ‘कल्याण खजिना’ (१९२४) चे भित्तिपत्रक आज शिल्लक असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांत गणले जाते.

पौराणिक आणि ऐतिहासिक विषयांपुरती ही नजर मर्यादित राहिली नाही. ना. ह. आपटे यांच्या कथेवरील ‘सावकारी पाश’ (१९२५) मध्ये सावकाराच्या कर्जात जमीन गमावून शहरातील गिरणीकडे वळणारा शेतकरी त्यांनी दाखवला, ज्याची भूमिका तरुण शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम, यांनी केली. कोल्हापूर परिसरातील शेतकऱ्याचे जगणे हा येथे देखावा नव्हता, विषय होता. रंगचित्रांकडे बाबूराव पुन्हा पुन्हा परतत राहिले. ‘जलवाहिनी’सारख्या त्यांच्या चित्रात मऊ, धूसर रंगांतून उमटणारी स्त्री पाहिली की रवि वर्म्याच्या छापील चित्रांचा प्रभाव त्यांनी किती पचवला होता आणि किती मागे टाकला होता, हे दोन्ही एकदम दिसते.

पेंटरांच्या कारखान्यात शिकलेले विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल १९२९ मध्ये शांतारामांसह बाहेर पडले आणि त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली, जी १९३३ मध्ये पुण्यात गेली. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’ (१९३६) मधील देहू कोठेही झगझगीत दिसत नाही. भिंती, अंगण, घाट हे सारे वापरून झिजल्यासारखे वाटते, आणि त्या साधेपणामागे खोटा देखावा ओळखण्याची कोल्हापुरी तालीम आहे. दुसरीकडे नट आणि चित्रकार असलेल्या चंद्रकांत मांडरे यांनी भालजी पेंढारकरांच्या ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२) मध्ये शिवरायांची भूमिका केली, तरी चित्रीकरण नसेल तेव्हा निसर्गचित्रे काढण्याचा नेम सोडला नाही. राजारामपुरीतील त्यांचे राहते घर आता त्यांच्या चित्रांचे संग्रहालय आहे, आणि तेथील भिंतींवर नटाच्या कारकिर्दीपेक्षा झाडे, डोंगर आणि पाणी यांनीच अधिक जागा घेतली आहे.