लोणंदच्या उन्हात ओव्हरक्लॉकिंग: उष्णतेचं साधं गणित

नवा प्रोसेसर बसवला की स्पीड वाढवायचा मोह होतोच. पण चिपची उष्णता वारंवारता गुणिले व्होल्टेजचा वर्ग अशी वाढते. वारंवारता १० टक्के, व्होल्टेज ५ टक्के वाढवा: १.१ × १.०५², म्हणजे सुमारे २१ टक्के जास्त! त्यात मे महिन्यात लोणंदला पारा चाळिशीला टेकतो. एसी लॅबच्या २५ अंशांपेक्षा जास्तीचे हे १५ अंश चिपवर जवळपास जसेच्या तसे चढतात. म्हणून प्रत्येक रीडिंगशेजारी खोलीचं तापमान लिहा, आणि एका वेळी एकच सेटिंग बदला. रायझन ७ ७७००एक्स ९५ अंशांना पोचला की स्वतःच स्पीड उतरवतो, मग सगळी खटपट पाण्यात.

वॉरंटीचं म्हणाल तर एएमडीचं पीबीओ, इतकंच काय, रॅमचं एक्सएमपीसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच धरतात. गेम क्रॅश झाला तर निदान कळतं तरी. सिम्युलेशन मात्र गुपचूप चुकीचा आकडा देऊ शकतं. प्रबंधाचे रन मूळ सेटिंगवरच घ्या.